चौदा गुणांचा पोरगा, सात गुणांचा पोरगा

गेल्या जानेवारीतली गोष्ट. सोलापुरात गड्ड्याची यात्रा उरकत आली होती आणि मोहोळ तालुक्यातल्या एका गावात रात्रीची कबड्डी स्पर्धा चालू होती. भाड्याने आणलेली मॅट, बांबूला बांधलेले हॅलोजन, ट्रॉलीवर उभं राहून कॉमेंट्री करणारा एक हौशी गुरुजी. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मोबाईलमधल्या शीटमध्ये प्रत्येक चढाई नोंदवत होतो. मी पुण्याच्या एका कंपनीत कोड लिहितो, महिन्यातले पंधरा दिवस सोलापुरातून काम करतो आणि कबड्डीचे आकडे गोळा करणं हा माझा जुना नाद आहे.

अंतिम सामन्यात दोन पोरं माझ्या नजरेत भरली. एक उंच, लांब हाताचा. २० चढायांत १४ गुण. दुसरा बुटका, खांद्यात रुंद. १७ चढायांत ७ गुण. हा दुसरा माझ्या मामाचा मुलगा. वय वर्षं १९.

माझ्या शेजारी एक प्रशिक्षक बसले होते. शेजारच्या जिल्ह्यात त्यांचं निवासी प्रशिक्षण केंद्र आहे. राहणं-खाणं फुकट, सकाळ-संध्याकाळ मॅट, आणि पुढे मोठ्या संघांच्या निवड चाचण्यांना नेण्याची सोय. त्यांच्याकडे त्या वर्षी एकच जागा उरली होती. सामना संपला तसे ते म्हणाले, “काय इंजिनिअर, तुमचा मोबाईल काय म्हणतोय? दोघांतला कोण?”

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. चौदा आणि सात. त्यांनी मान हलवली. “आणि उंची शिकवता येत नाही,” एवढं बोलून ते उठले. दुसरा पोरगा माझा भाऊ आहे हे मी सांगितलं नाही. घरी येताना मला स्वतःचं कौतुक वाटत होतं: नात्याला बाजूला ठेवून मी आकड्यांना बोलू दिलं!

आकडे खरे होते. पण मी त्यांना विचारलेला प्रश्नच चुकीचा होता, आणि आपण सगळे, टीव्हीवरच्या पंडितांपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत, तरुण चढाईपटूंची तुलना करताना हाच प्रश्न विचारतो. त्याबद्दल हा लेख आहे.

*

कबड्डीत चढाईचा गुण दिसायला सगळ्यात स्वच्छ आकडा. गेला, हात लावला, परत आला, एक गुण. पण तो गुण कुठल्या परिस्थितीत आला, हे तक्त्यात येत नाही.

बोनसचंच बघा. समोर सहा किंवा सात खेळाडू असतील तरच बोनस रेषा ओलांडून गुण मिळतो. म्हणजे संघाचा पहिला चढाईपटू, जो भरलेल्या मैदानात जातो, त्याला ही कमाई खुली असते. पाच उरले की ती बंद. दुसऱ्या टोकाला, समोर तीन किंवा त्याहून कमी खेळाडू असताना पकड झाली तर ती अव्वल पकड, म्हणजे टीव्हीवरचं ‘सुपर टॅकल’: प्रतिस्पर्ध्याला एकाऐवजी दोन गुण. तिथे चढाईपटूची चूक दुप्पट महाग पडते, पण त्याच्या नावापुढे मात्र ‘एकदा बाद’ एवढंच लागतं.

मग ती तिसरी चढाई. संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. पोरं तिला ‘डू ऑर डाय’ म्हणतात. समोरच्या सातही जणांना ठाऊक असतं की आज हा मोकळा परत जाऊ शकत नाही. ते घाई करत नाहीत, कोपरे मागे दबून बसतात आणि तुम्हाला आत येऊ देतात. तीस सेकंद त्यांच्या बाजूने धावत असतात. अशा वेळी आणलेला एक गुण आणि निवांत मारलेला एक बोनस, तक्त्यात दोन्ही ‘१’.

आणि रिकामी चढाई? ती तर तक्त्यात शून्य. पण तुमचा संघ तीन गुणांनी पुढे आहे, दीड मिनिट उरलंय, आणि एखादा पोरगा निदान रेषा ओलांडून, कुणाच्या हाती न लागता पूर्ण तीस सेकंद खाऊन परत येतो. ते शून्य सामना जिंकून देतं. एका सामन्यात दहा चढाई-गुण केले तर ‘सुपर टेन’चा फलक झळकतो. तीस सेकंद खाणाऱ्यासाठी कुठलाही फलक नाही.

आठवड्याभराने मी त्या अंतिम सामन्याचा व्हिडिओ पुन्हा पाहिला. कुणीतरी ट्रॉलीवरून मोबाईलवर काढलेला, अर्धा वेळ कुणाचं तरी डोकं मधे. या वेळी प्रत्येक चढाईपुढे तीन नवे रकाने केले: समोर किती खेळाडू, कितवी चढाई, गुणफलक काय.

उंच पोराच्या १४ पैकी ६ गुण बोनसचे होते. तो पाच वेळा पकडला गेला आणि त्यातल्या दोन अव्वल पकडी होत्या. म्हणजे त्याच्या चढायांवर समोरच्यांना ७ गुण मिळाले होते. माझ्या भावाच्या १७ पैकी ६ चढाया तिसऱ्या चढाया होत्या. त्या सहांत चार वेळा तो यशस्वी झाला, ५ गुण आणले, दोनदा बाद झाला. बाकीच्या अकरांत २ गुण, एकदा बाद आणि आठ चढाया रिकाम्या. आठपैकी पाच शेवटच्या सात मिनिटांत, संघ पुढे असताना.

सामना त्याच्या संघाने दोन गुणांनी जिंकला होता. ते मला त्या रात्रीही माहीत होतं. पण माझ्या शीटमध्ये निकालाचा रकानाच नव्हता.

*

हा गोंधळ फक्त आपला नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘पास रशर’ असतो. समोरच्या क्वार्टरबॅकने चेंडू फेकायच्या आत त्याच्यापर्यंत पोचायचं, हे त्याचं काम. त्याला चेंडूसकट खाली पाडलं तर ‘सॅक’. तिथे कॉलेजमधली पोरं दरवर्षी ‘ड्राफ्ट’मधून व्यावसायिक संघांत जातात. लिलाव नाही, पाळी असते. मागच्या हंगामात सगळ्यात खराब खेळलेल्या संघाला साधारणपणे पहिली पाळी.

२०२२ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या दोन पाळ्यांत दोन पास रशर गेले. मिशिगन विद्यापीठाच्या एडन हचिन्सनचे शेवटच्या कॉलेज हंगामात १४ सॅक होते. जॉर्जिया विद्यापीठाच्या ट्रॅव्हॉन वॉकरचे ६. जॅक्सनव्हिल जॅग्वार्सने पहिल्या पाळीत वॉकरला घेतलं. कारण त्याचं शरीर: तेवढ्या वजनाचा माणूस तेवढ्या वेगाने पळतो, हे दुर्मीळ. “उंची शिकवता येत नाही” याचीच ही अमेरिकन आवृत्ती. शिवाय जॉर्जियाच्या बचावात त्याला फक्त सॅकच्या मागे धावायची मोकळीक नव्हती. आकडे कमी असण्यात त्याच्या कामाच्या वाटणीचाही भाग होता. पहिल्या व्यावसायिक हंगामात हचिन्सनने ९.५ सॅक केले, वॉकरने ३.५. लोक हसले. पण २०२३ मध्ये वॉकरही १० वर पोचला आणि हसणं कमी झालं.

या जोडीत कोण बरोबर ठरलं हा माझा मुद्दा नाही. मुद्दा असा की तिथल्या अभ्यासकांनी फार आधीच ओळखलं, की सॅक हा दुर्मीळ आकडा आहे आणि तो एकटा फसवतो. म्हणून ते ‘प्रेशर’ मोजतात: पास रशरने क्वार्टरबॅकला पाडलं नसेल, पण घाई करायला लावली का, जागा सोडायला लावली का? कारण पुढची चूक त्या घाईतून होते, आणि तिचं श्रेय दुसऱ्याच्याच नावावर लागतं.

आपल्याकडे चढाईसाठी असा रकाना प्रेक्षकांसमोर येतच नाही. आपल्याकडे हिरवी बाही आहे. प्रो कबड्डीत चढाई-गुणांत आघाडीवर असलेला खेळाडू ती घालून मैदानात उतरतो. म्हणजे तक्ता थेट दंडावरच.

*

महाराष्ट्रातल्याच दोन चढाईपटूंची नावं घेतो. दोघांबद्दल मला प्रेम आहे, म्हणून घेतो.

सिद्धार्थ देसाई, कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला. २०१८ च्या सहाव्या हंगामासाठी यू मुंबाने त्याला ३६.४ लाखांना घेतलं. पहिल्याच हंगामात त्याने २०० हून जास्त चढाई-गुण केले. त्याची चढाई बघणं म्हणजे दारातून आडवा निघालेला बैल बघणं: मांडीला दोघे, कमरेला एक, आणि हा मध्यरेषेकडे झुकतोय. पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यावर १.४५ कोटी लावले, त्या लिलावातली सर्वांत मोठी बोली. त्याने पुन्हा २०० चा टप्पा ओलांडला. टायटन्स मात्र गुणतालिकेत तळाजवळ राहिले.

सिद्धार्थचं काय चुकलं? माझ्या मते काहीच नाही. चुकली ती खरेदीची कल्पना. संघाने २०० गुण विकत घेतले आणि त्यांना वाटलं की आपण विजय विकत घेतलेत. एकाच चढाईपटूवर संघ उभा केला की तो बाद होऊन बाहेर बसलेली मिनिटं संघ नुसता तग धरतो. त्याला परत आत आणायला बचावाने पकड करायची किंवा दुसऱ्याने गुण आणायचा. ‘तो बाहेर असताना काय होतं’ हे कुणी त्याच्या किमतीत धरत नाही.

दुसरा अस्लम इनामदार, अहिल्यानगर जिल्ह्यातला. तो मोठ्या बोलीतून नाही, युवा खेळाडूंच्या योजनेतून पुणेरी पलटणमध्ये आला. डिसेंबर २०२३ ते मार्च २०२४ च्या दहाव्या हंगामात तो कर्णधार होता. त्या हंगामाचा तक्ता उघडून बघा. चढाईत सगळ्यात वर दबंग दिल्लीचा आशू मलिक, २७६ गुण. दिल्ली उपांत्य फेरीच्या आधीच बाहेर. लिलावात सगळ्यात महाग पवन सेहरावत, २.६०५ कोटी, त्याच्या तेलुगू टायटन्सने २२ पैकी २ सामने जिंकले. आणि पलटण? २२ पैकी १७ विजय, साखळीत पहिलं स्थान, आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून पहिलं विजेतेपद. पलटणचा एकही चढाईपटू आशूच्या आसपास नव्हता. अस्लम, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे यांनी ओझं वाटून घेतलं होतं. त्यांच्या मागे मोहम्मदरेझा शादलूसारखा बचावपटू होता, ज्याच्यासाठी संघाने २.३५ कोटी मोजले होते. हंगामातला सर्वांत मौल्यवान खेळाडू मात्र ठरला अस्लम. एखादा गुण मिळून सामना फिरत असेल तिथे तो जायचा, नसेल तिथे दुसऱ्याला पाठवायचा, आणि मागे आला की पकडीतही हात घालायचा.

यावर एक सरळ आक्षेप आहे. २०१७ च्या पाचव्या हंगामात परदीप नरवालने ३६९ चढाई-गुण केले आणि त्याच्या पाटणा पायरेट्सने सलग तिसरं विजेतेपद जिंकलं. मग एका माणसावर संघ उभा राहत नाही असं कसं म्हणता? मान्य. गुण खोटे नसतात आणि परदीपची डुबकी तर कुठल्याच शीटमध्ये मावणारी नव्हती. पण परदीप हा अपवाद आहे आणि बाजार अपवादाची किंमत नेमावर लावतो. दरवर्षी कुणीतरी ‘पुढचा परदीप’ शोधत असतो. त्या शोधात जी पोरं दुसऱ्या क्रमांकाची चढाई करतात, तिसऱ्या चढाईला जातात, घड्याळ खातात, ती ‘ड’ गटात पडून राहतात. दहाव्या हंगामाच्या लिलावात ‘अ’ गटाची पायाभूत किंमत ३० लाख होती, ‘ड’ची ९ लाख.

*

तुम्ही म्हणाल, लिलाव हा धंदा आहे, त्यांचं ते बघतील. पण हा तक्ता लिलावाच्या हॉलमध्ये थांबत नाही. तो आमच्या गावापर्यंत येतो.

आमच्याकडच्या पोराला प्रो कबड्डी हे एकच दार नसतं. त्याला पोलीस दिसतं, रेल्वे दिसते, बँकेचा किंवा कंपनीचा संघ दिसतो, सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण दिसतं. त्यासाठी योग्य स्पर्धेचं योग्य प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या, राज्याच्या संघात नाव लागतं. आणि त्या संघाच्या निवडीला कुणीतरी माझ्यासारखाच मोबाईल नाहीतर वही घेऊन बसलेला असतो, ज्याच्याकडे एकच रकाना आहे: गुण. कुमार गटाच्या वजनात बसायला आदल्या दिवशी जेवण सोडून, दोन-दोन स्वेटर घालून पळणारी पोरं मी पाहिली आहेत. त्या रकान्यात शिरण्यासाठीच ती पळत असतात.

मग पोरंही तशीच खेळायला शिकतात. बचाव दमलेला नसतानाही झेप घ्यायची, संघ पुढे असतानाही खोल जायचं, कारण रिकामं परतलेलं कुणी लिहून घेत नाही. आपण चुकीचं मोजतो आणि काही वर्षांनी मैदानावर तेच पिकतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे रोज दिसतं. ज्या आकड्यावर पगारवाढ ठरते तो आकडा वाढतो, काम वाढतंच असं नाही.

शेवटी शरीर. सिद्धार्थचा आठवा हंगाम खांद्याच्या दुखापतीने सुरुवातीलाच मोडला. अस्लमला २०२४ च्या हंगामात गुडघ्यामुळे मध्येच बाहेर बसावं लागलं. म्हणजे मी ज्याला ‘जास्त शहाणा’ म्हणतोय त्यालाही शहाणपणाने वाचवलं नाही. तुलना करताना मी हे विसरू नये म्हणून लिहितोय: आपण ज्याला ‘प्रॉस्पेक्ट’ म्हणतो ते एकोणीस वर्षांचं हाड आहे. आपला अंदाज चुकला तर आपली शीट चुकते. त्याचं बाकी सगळं चुकतं.

*

दुरुस्त केलेली शीट मी त्या प्रशिक्षकांना पाठवली. दोन दिवसांनी उत्तर आलं: “तुमचं बरोबर वाटतंय. पण जागा भरली. पुढच्या वर्षी बघू.” माणूस सरळ होता, टाळत नव्हता. उंच पोरगा तिकडे गेला. तो चांगला आहे आणि त्याचं चांगलंच व्हावं.

भाऊ सोलापुरात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळी सराव करतो. त्या रात्री मी स्क्रीन कुणाकडे वळवली होती, हे मी त्याला मार्चमध्ये सांगितलं. आमच्या गच्चीवर, कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाताना. मला वाटलं तो चिडेल. तो म्हणाला, “दादा, मग काय चुकलं तुझं? त्यानं चौदा मारलेच की.” मग म्हणाला, “दाखव की व्हिडिओ.”

आम्ही पहिल्यापासून बघितला. एका चढाईला मी पुढे सरकवायला गेलो, कारण माझ्या नोंदीत ती रिकामी होती. त्याने माझा हात धरला.

“थांब बे, पळवू नको. बघ त्यांचा डावा कोपरा कुठं उभारलाय.”

मी बघितलं. चढाईच्या सुरुवातीला तो कोपरा पार मागे, शेवटच्या रेषेजवळ होता. भाऊ आत गेला, उजवा पाय दोनदा सोडला आणि मागे घेतला, जणू तिथेच मारणार. कोपरा दोन पावलं पुढे आला. भाऊ परत फिरला. गुण नाही.

“आता पुढची रेड आमच्या कॅप्टनची. बघ.”

कॅप्टन सरळ त्या कोपऱ्याकडे गेला, जो अजूनही दोन पावलं पुढेच उभा होता. पायाने त्याला टिपलं, आवरायला आलेल्या शेजारच्या खेळाडूला परतताना हात लावला. दोन गुण. माझ्या शीटमध्ये ते दोन्ही कॅप्टनच्या ओळीत होते आणि वरच्या ओळीत, भावाच्या नावापुढे, शून्य.

मी तिथेच एक नवा रकाना केला. त्याला नाव काय द्यायचं ते अजून सुचलेलं नाही. त्या सामन्यापुरता तो भरायला आम्हाला रात्रीचा दीड वाजला.